प्रवाळ बेटं बुडतायत की वाढतायत?

मीठागर

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. हवामानबदलाचा धडा आला की तुवालू, किरिबाटी, मालदीव ही नावं येतात आणि दरवर्षी तेच वाक्य वर्गात म्हटलं जातं: समुद्राची पातळी वाढतेय, ही बेटं पाण्याखाली जाणार. यंदा एका मुलीने हात वर केला. तिने वाचलेल्या बातमीत तुवालूची जमीन वाढली असं लिहिलं होतं.

शोधलं तर बातमीमागे खरंच शोधनिबंध आहे. ऑकलंड विद्यापीठातले पॉल केंच, मरे फोर्ड आणि सुसान ओवेन यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. १९७१ ते २०१४ या काळातली विमानातून आणि उपग्रहांवरून काढलेली छायाचित्रं शेजारी ठेवून त्यांनी तुवालूच्या १०१ बेटांचे किनारे मोजले. ७३ बेटं मोठी झाली होती, बाकीची लहान. देशाची एकूण जमीन ७३.५ हेक्टरने, म्हणजे २.९ टक्क्यांनी वाढली. आणि हे सगळं तिथली समुद्रपातळी जगाच्या सरासरीच्या साधारण दुप्पट वेगाने चढत असताना!

मला या मुलांना खरं काय ते सांगायचंय. 'बुडणार' म्हणू की 'वाढतायत' म्हणू? इथे समुद्रावर काम करणारे, बेटांवर राहिलेले लोक आहेत. जरा सविस्तर लिहा.

खारा_वारा

फार चांगला विषय. वाचतोय.

पुळण

मीठागर, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी किनाऱ्यांच्या धुपीवर काम करते, सध्या गोव्यात. प्रवाळ बेटं हा माझा मुख्य विषय नाही, पण वाळू आणि लाटा सगळीकडे सारख्याच वागतात, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट: कंकणद्वीपावरचं, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या कड्यावरचं बेट म्हणजे खडक नाही. खाली प्रवाळ खडकाचा सपाट माथा असतो आणि त्यावर लाटांनी आणून टाकलेली सुटी वाळू आणि प्रवाळाचे तुकडे. समुद्रसपाटीपासून उंची बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटर. वय काही हजार वर्षं, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात अगदी तान्हं. ही वाळू कुठून डोंगरातून, नदीतून आलेली नसते. प्रवाळ, शिंपले, शैवाल, सूक्ष्म जीव यांची ही कवचं आणि हाडं आहेत. ती तिथेच तयार होते, तिथेच फिरते आणि तिथूनच खोल समुद्रात वाहून जाते.

म्हणून अशा बेटाचा नकाशा कायमचा नसतो. मालदीवमध्ये नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की वाळू बेटाच्या एका अंगाची दुसऱ्या अंगाला जाते, ईशान्य वारे आले की परत फिरते. एकाच वर्षात एकच किनारा रुंदही होतो आणि नाहीसाही होतो. पर्यटक जानेवारीत फोटो काढून जातो आणि ऑगस्टमध्ये येणारा म्हणतो, बेट खचलं.

केंच आणि आर्थर वेब यांचा २०१०चा आधीचा अभ्यासही हेच दाखवतो. मध्य प्रशांत महासागरातली २७ बेटं घेतली होती. त्यातली ८६ टक्के तेवढीच राहिली किंवा वाढली, १४ टक्के घटली. पुढे २०१९ मध्ये व्हर्जिनी दुवा यांनी ३० कंकणद्वीपांवरच्या ७०९ बेटांचे सगळे अभ्यास एकत्र केले. ८८.६ टक्के बेटं स्थिर किंवा वाढलेली निघाली आणि १० हेक्टरपेक्षा मोठं एकही बेट आकाराने घटलेलं सापडलं नाही.

तेव्हा बातमी खोटी नाही. पण तिचा अर्थ काय, तो वेगळा विषय आहे. रात्री लिहिते.

रोखठोक

पुळणताई रात्री लिहीपर्यंत मी विचारून घेतो. १० हेक्टरवरचं एकही बेट घटलं नाही हे तुम्हीच सांगताय. मग इतकी वर्षं परिषदा, पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक, निधीची मागणी हे सगळं कशासाठी? मालदीवच्या राष्ट्राध्यक्षांनी २००९ मध्ये पाणबुड्याचा पोशाख घालून बैठक घेतली होती, मला नीट आठवतंय. बेटं वाढत असतील तर भीती कसली? मला हा प्रश्न मनापासून पडलाय, वाद घालायचा म्हणून विचारत नाही.

अनुजा_ऑकलंड

रोखठोक, क्षेत्रफळ वाढणं आणि तिथे माणसाला राहता येणं यात फार अंतर आहे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई तुवालूच्या आहेत. त्यांच्याकडे 'पुलाका' नावाचा कंद लावतात, आपल्या अळकुडीच्या जातीचा. तो जमिनीत खड्डा खणून, खालच्या गोड्या पाण्यापर्यंत पोचून लावावा लागतो. खड्ड्यात खारं पाणी शिरलं की कंद कुजतो. त्यांच्या आजीचा खड्डा असाच गेला. बेटाचा काठ तेव्हा कदाचित चार फूट पुढेही सरकला असेल, आजीच्या ताटात मात्र तेव्हापासून आयात तांदूळच आहे.

तुवालूची वस्ती जेमतेम अकरा हजारांच्या आसपास. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी त्यांचा फालेपिली करार झाला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहायला जाता येतं. लोकांनी रांग लावून अर्ज केले. त्यांनाही केंचचे निबंध माहीत आहेत, तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. पण मुलांच्या शाळेचा, दवाखान्याचा, पाण्याचा विचार माणूस करणारच.

देवबागचो_बाबल्या

आमच्या देवबागेत ह्या रोजचाच आसा. एका बाजूक दर्या, दुसऱ्या बाजूक कर्लीची खाडी, मधी आमची घरां नि माड. पावसात उधाण इला की माडाची मुळां उघडी पडतत. मगे दगडांचो बंधारो घालतत. जंय बंधारो घातलो थंय जरा बरा वाटता, पण बंधाऱ्याच्या टोकाक जी वाडी आसा तिची वाळू दुप्पट जोरान जाता. पूर्वी रापण ओढूक ऐसपैस जागा होती, आता दगडार जाळी फाटतत.

तुवालू माका म्हायत नाय, पण तेंचा दुखणा म्हायत आसा.

पुळण

बाबल्या, तुम्ही एका परिच्छेदात सांगितलंत ते समजायला आम्हाला दोन वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. दगडी बंधारा लाटेची ताकद कमी करत नाही, ती बाजूला ढकलतो. आणि जी वाळू किनाऱ्यावरून सरकत पुढच्या वाडीला जायची, ती अडते. प्रवाळ बेटावर तर हे आणखी महागात पडतं, कारण तिथे वाळू वर चढू देणं हाच बेटाचा बचाव आहे.

आता रोखठोक यांच्या प्रश्नाकडे.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात लाटांचा एक लांबलचक हौद आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगासाठी गेर्ड मासेलिंक आणि सहकाऱ्यांनी त्यात तुवालूच्या फुनाफुटी या कंकणद्वीपावरच्या फाताटो बेटाची पन्नासपट लहान प्रतिकृती केली. खाली खडकाचा माथा, वर सुटी खडी-वाळू. मग पाण्याची पातळी वाढवत वाढवत लाटा सोडल्या. लाट बेटाच्या पुढच्या उतारावरून वाळू उचलायची, माथा ओलांडायची आणि ती वाळू माथ्यावर आणि मागच्या बाजूला टाकून ओसरायची. पाणी चढलं तसा बेटाचा माथाही चढला, आणि अख्खं बेट खारकच्छाच्या, म्हणजे कड्याच्या आतल्या पाण्याच्या, दिशेने मागे सरकलं.

म्हणजे बेट टिकलं, पण कसं? लाटा त्याच्या डोक्यावरून गेल्या म्हणून. हौदात वर घरं नव्हती, विहीर नव्हती, धावपट्टी नव्हती. खऱ्या बेटावर ज्या लाटेमुळे जमीन उंच होते तीच लाट स्वयंपाकघरात शिरते. आणि घर वाचवायला भिंत घातली की पाणी अडतं, पण वाळूही अडते. मग भिंतीआडचं बेट तेवढ्याच उंचीचं राहतं आणि समुद्र चढत जातो.

दुसरी गोष्ट काळाची. हे सगळे अभ्यास होऊन गेलेल्या वाढीचे आहेत. विसाव्या शतकात जगाची समुद्रपातळी साधारण वीतभर चढली. २१०० पर्यंत ती आणखी किती चढेल याचा आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या सहाव्या अहवालातला अंदाज २८ सेंटीमीटर ते १ मीटर असा आहे, आपण किती जाळतो त्यावर अवलंबून. वीतभर वाढीला बेटांनी तोंड दिलं म्हणून मीटरभर वाढीलाही देतील, असं म्हणायला आधार नाही.

आणि सगळीकडे चांगलंच घडलंय असंही नाही. सॉलोमन बेटांमध्ये समुद्रपातळी वर्षाला ७ ते १० मिलिमीटरने चढली. झाडी असलेली तिथली पाच लहान प्रवाळ बेटं पूर्ण गेली. हा अभ्यास सायमन अल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. नुआतांबू नावाच्या बेटावर २०११ नंतर ११ घरं समुद्रात गेली.

खारा_वारा

आपल्याकडेही गेलंय की एक. लक्षद्वीपमध्ये बंगारमच्या कंकणद्वीपातलं पराली-१ हे बेट पूर्ण नाहीसं झाल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं होतं. निर्मनुष्य होतं म्हणून कुणी फार बोललं नाही. आपल्या पेपरात आतल्या पानावर चौकट आली होती.

इतिहासवेडा

थोडं विषयांतर, पण मीठागर यांना वर्गात उपयोगी पडेल. तुवालूचं फुनाफुटी हे विज्ञानाच्या इतिहासातलं फार मोठं नाव आहे.

डार्विन १८३६ मध्ये कोकोस कीलिंग बेटांवर उतरला होता. त्याआधीच त्याच्या डोक्यात कल्पना शिजत होती: ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, त्याच्या काठाने वाढणारे प्रवाळ प्रकाशाच्या ओढीने वर वर वाढत राहतात, शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि उरतं ते प्रवाळाचं कडं. १८४२ मध्ये त्याने हे पुस्तकरूपात मांडलं. विरोधक पुष्कळ होते. निकाल लावायचा तर भोक पाडून खाली काय आहे ते बघायला हवं.

म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ दरम्यान फुनाफुटीला तीन मोहिमा पाठवल्या. दुसऱ्या मोहिमेचं नेतृत्व सिडनीचे एजवर्थ डेव्हिड करत होते. वाफेवर चालणारं यंत्र होडीतून बेटावर उतरवायचं, नळ अडकले की सोडवायचे, ते सगळं त्या उन्हात. शेवटी १११४ फुटांपर्यंत पोचले. तिथेही प्रवाळाचाच चुनखडक! डार्विनच्या बाजूने भक्कम पुरावा होता, पण तळाचा काळा खडक काही हाती लागला नाही. तो मिळाला थेट १९५२ मध्ये, मार्शल बेटांतल्या एनिवेटॉक इथे, सव्वा किलोमीटरपेक्षा खोल गेल्यावर. तेही अमेरिकेला तिथे अणुचाचण्या घ्यायच्या होत्या म्हणून खोदलं गेलं.

पुळण

इतिहासवेडा, तुम्ही या मोहिमांचा उल्लेख केलात म्हणून आठवलं. त्या मोहिमेने काढलेला बेटाचा नकाशा शंभरेक वर्षांनी पुन्हा कामी आला, आणि तो किस्सा या धाग्याच्या मूळ प्रश्नाशी थेट जोडलेला आहे.

फुनाफुटीच्या फोंगाफाले या मुख्य बेटावर मोठ्या उधाणाच्या भरतीला जमिनीतून पाणी वर येतं. काठावरून नव्हे, बेटाच्या मधोमध, रस्त्यात, अंगणात बुडबुडे येऊन पाणी साचतं. जगभरच्या वार्ताहरांनी त्याचे फोटो काढले. जपानच्या हिरोया यामानो यांच्या गटाने २००७ मध्ये जुने नकाशे, जुनी छायाचित्रं आणि आजची वस्ती एकमेकांवर ठेवून पाहिली. जिथे पाणी येतं तो भाग १८९६ मध्येच दलदलीचा होता, तिवरांचा. १९४३ मध्ये अमेरिकन सैन्याने धावपट्टी बांधताना दलदल बुजवली, भरावासाठी इतरत्र मोठे खड्डे खणले. पुढे लोकसंख्या वाढली तशी घरं त्या सखल भागात गेली.

यातून 'समुद्रपातळी वाढतच नाही' असा अर्थ काढू नका. ती वाढतेय आणि त्या सखल भागात पाणी जास्त वेळा, जास्त उंच येतंय. पण कुठल्या घरात येणार हे माणसांनी जमिनीशी काय केलं त्यावरही ठरतं.

मीठागर

हे सोनं आहे! नकाशा एकमेकांवर ठेवून बघणं हे तर आमची मुलं ट्रेसिंग पेपरवर करू शकतात. बाकीच्यांनीही लिहा, मी सगळं उतरवून घेतेय.

रोखठोक

पुळणताई, सविस्तर उत्तराबद्दल आभार. हौदाचा प्रयोग पटला. आता माझा प्रश्न बदललाय: वाळू वर चढवायची तर वाळू हवी. ती कोण पुरवतं? आणि पुरवठा चालू राहील का?

कडमतची_शिंपी

रोखठोक, बरोबर जागेवर बोट ठेवलंत. मी लक्षद्वीपमध्ये पाण्याखाली जाऊन प्रवाळ मोजायच्या कामात मदत केली आहे, म्हणून लिहिते.

वाळूचा मोठा पुरवठादार आहे पोपट मासा. निळा-हिरवा-गुलाबी, चोचीसारखे दात. पाण्याखाली कान दिले तर तो मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो त्याचा कुरुम कुरुम आवाज स्पष्ट ऐकू येतो. शेवाळाबरोबर खडकही पोटात जातो, घशातल्या दातांनी दळला जातो आणि मागून पांढऱ्या ढगासारखा बाहेर पडतो. मालदीवच्या वक्कारू बेटाभोवती क्रिस पेरी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हिशेब मांडला. बेट बनवायच्या जाडीची जी नवी वाळू तिथे तयार होते, तिच्यातली ८५ टक्क्यांहून जास्त एकट्या पोपट माशाची!

खारा_वारा

म्हणजे मधुचंद्राच्या फोटोत जोडपी जिच्यावर लोळतात ती पांढरीशुभ्र वाळू माशाच्या पोटातून आलेली? माझ्या मेव्हण्याला आत्ताच्या आत्ता फोन करतो. :)

कडमतची_शिंपी

खारा_वारा, अवश्य करा. स्वच्छ असते, त्याला सांगा.

कडमतच्या पुळणीवर बसून मूठभर वाळू भिंगाखाली बघितली होती. आपल्या कोकणातली वाळू अशी बघितली तर गारगोटीचे कण, काळे लोहयुक्त कण, शिंपल्यांचे तुकडे. तिथे एकही दगडाचा कण नाही. हॅलिमिडा नावाच्या शैवालाच्या चपट्या पांढऱ्या चकत्या, गोगलगायीची नखाएवढी टोकं, प्रवाळाच्या फांदीचे तुकडे ज्यांवर अजून बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, आणि फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची गोल कवचं. प्रशांत महासागरातल्या बेटांवर यांच्यातलीच एक जात ताऱ्यासारखी असते, पाच-सहा टोकांची. तुवालूत वाळूचा बराच वाटा अशा सूक्ष्म जीवांचा आहे.

आता पुरवठा चालू राहील का? इथे मला काळजी वाटते आणि ती लपवत नाही. पाणी तापलं की प्रवाळ रंग टाकतो, ताप टिकला तर मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठे फटके बसले, २०२४ मध्ये पुन्हा. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक १९९८ पासून अगत्ती, कडमत आणि कवरत्तीचे प्रवाळ मोजतायत. जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ मध्ये साधारण ३७ टक्के होतं, २०२२ मध्ये १९.६ टक्के. निम्मं, चोवीस वर्षांत. दोन फटक्यांमध्ये सावरायला पुरेसा वेळ मिळत नाही हे त्याचं कारण.

मेलेल्या प्रवाळाची काही वर्षं जास्तच वाळू होते, हेही खरं. म्हणून नुसतं क्षेत्रफळ बघून 'बेट वाढतंय' म्हणणं मला घाईचं वाटतं. खाली खडकाची झीज त्याच्या वाढीपेक्षा जास्त झाली की लाट अडवणारी कडाच खचते, मग वर वाळू कितीही असो.

आणि मासे. लक्षद्वीपचे मच्छीमार पूर्वापार खोल समुद्रातला टुना गळाने धरतात, एकेक करून. त्यामुळे प्रवाळातल्या माशांवर ताण नव्हता. आता बाहेरून मागणी आली तशी खडकातली मासेमारी वाढू लागली आहे. पोपट मासा ताटात गेला तर वाळू कोण करणार?

सुपारीबाग

तुम्हा अभ्यासकांचं वाचून एक खटकलं ते लिहितो. वादळ-लाटांनी बेट बांधलं जातं हे शास्त्र म्हणून बरोबर असेल, पण ज्याने वादळ भोगलंय त्याला ते ऐकवत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा आम्ही दिवेआगरला होतो. दुपारपर्यंत पोफळीची बाग आडवी झाली. वडिलांनी लावलेल्या पोफळी. तेव्हा कुणी म्हटलं असतं की यातून किनाऱ्याचं भलं होतं, तर मी त्याला दारात उभा केला नसता.

पुळण

सुपारीबाग, तुमचं म्हणणं डोक्यावर. याचं सगळ्यात ठळक उदाहरण फुनाफुटीचंच आहे आणि त्यात दोन्ही बाजू आहेत. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये बेबे हे चक्रीवादळ आलं. घरं जवळजवळ सगळी गेली, माणसं गेली. वादळ ओसरल्यावर लोकांना दिसलं की समुद्राच्या बाजूला खडकाच्या माथ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा नवा बांध उभा राहिलाय. सुमारे १९ किलोमीटर लांब, सरासरी ३७ मीटर रुंद, काही ठिकाणी ४ मीटर उंच. एका रात्रीत. पुढच्या वर्षांत लाटांनी तो हळूहळू बेटाच्या काठाकडे ढकलला आणि बेटात मिळवला. आज मोजलेल्या वाढीव जमिनीचा काही भाग त्या रात्रीचा आहे.

भूशास्त्र हजार वर्षांचा हिशेब मांडतं, माणसाचं घर एका रात्रीत जातं. दोन्ही एकाच वाक्यात बोलताना जपून बोलायला हवं, हे तुमचं मी मानते.

शिशिर_माले

मालदीवमध्ये बरीच वर्षं काढली, पाणी शुद्धीकरणाच्या कामात. दोन मुद्दे.

माले शहरात १९८७ च्या एप्रिलमध्ये मोठा पूर आला होता. जुने लोक सांगतात, आकाश निरभ्र, वारा नाही आणि लाटा मात्र रस्त्यात. दक्षिण हिंदी महासागरातल्या दूरच्या वादळांतून निघालेल्या लांब पल्ल्याच्या लाटा होत्या त्या. त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती काँक्रीटच्या चार पायांच्या ठोकळ्यांची भिंत उभी राहिली. २००४ च्या त्सुनामीत त्या भिंतीने माले बऱ्यापैकी वाचवलं. तेव्हा भिंत नकोच असं सरसकट म्हणू नका. जिथे लाखो माणसं दाटीवाटीने राहतात तिथे दुसरा इलाज काय? पण कंधोलुधू नावाचं बेट त्सुनामीत इतकं उद्ध्वस्त झालं की लोक परत गेलेच नाहीत. त्यांना २००९ मध्ये धुवाफारू या दुसऱ्या बेटावर नवं गाव मिळालं.

दुसरं पाणी. अशा बेटाखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, वरणावर तूप तरंगावं तसं. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट मिळतं, असं साधं गणित आहे. म्हणून वरची पातळी उपशाने थोडी उतरली की खालचा साठा त्या उतरणीच्या चाळीसपट आकसतो. शिवाय एकदा लाट बेटावरून गेली की वरून खारं पाणी झिरपतं आणि साठा सुधारायला पुष्कळ महिने लागतात. माणूस बेट सोडतो तो बहुतेक वेळा तहानेने, जमीन बुडेपर्यंत थांबत नाही.

पुळण

शिशिर यांनी सांगितलं तेच २०१८ मध्ये कर्ट स्टोर्लाझी यांच्या गटाने मार्शल बेटांतल्या रोई-नामूरवर आकड्यात मांडलं. खडकाच्या माथ्यावर पाणी खोल झालं की लाट तिथे फुटून थकत नाही, थेट किनाऱ्यावर येते. दरवर्षी लाटा बेटावरून जायला लागल्या की गोड्या पाण्याचा साठा सावरणार नाही. त्यांच्या मते बरीच कंकणद्वीपं या शतकाच्या मध्यापर्यंत राहण्याजोगी उरणार नाहीत. बेट वर चढतं हे त्यांनी हिशेबात घेतलं नाही अशी टीका झाली. ती टीका रास्त आहे, पण पाण्याचा मुद्दा तरीही उभा राहतो.

१९८७ सारख्या दूरच्या लाटा केरळात आणि लक्षद्वीपमध्येही येतात. केरळचे मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता त्याचा आगाऊ इशारा देते.

खारा_वारा

एक शंका. त्सुनामीत मालदीव धुऊन का गेलं नाही? एवढीशी उंची!

पुळण

कारण ती बेटं खोल समुद्रातून सरळ वर आलेली आहेत. त्सुनामीची लाट उंच व्हायला उथळ होत जाणारा रुंद तळ लागतो, तो तिथे नाही. माणसं गेली, नुकसान प्रचंड झालं, पण केंच यांच्या गटाने ज्या बेटांची मोजणी त्सुनामीच्या आधीच केलेली होती तिथे पुन्हा जाऊन पाहिलं तर किनाऱ्याची धूप थोडी आणि बेटावर वाळूचा पातळ थर नव्याने पडलेला.

देवबागचो_बाबल्या

आमच्याकडे कर्लीच्या मुखाशी एक वाळूचो पट्टो आसा, तेका सगळे 'त्सुनामी आयलंड' म्हणतत. २००४ च्या त्सुनामीन वर इलो म्हणान सांगतत. पर्यटक येतत, होडयेवाल्यांचा पोट चलता. तो खरोच त्सुनामीन इलो काय?

पुळण

नदीच्या मुखाशी असे पट्टे येतात, सरकतात, जातात. नदीची वाळू आणि समुद्राच्या लाटा यांच्या ओढाताणीतून ते बनतात. हा नेमका कशाने आला ते जुन्या छायाचित्रांवरूनच सांगता येईल. तो कुणी अडवून, बांधून 'पक्का' करू नये एवढंच मला वाटतं. तो हलता राहिला तरच राहील.

कोयरी

कंकणद्वीप नाही, पण महाराष्ट्राजवळही प्रवाळ आहे हे मुलांना सांगा, मीठागर. विजयदुर्गापासून समुद्रात शंभरेक किलोमीटरवर अँग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. सर्वांत उथळ भागही वीसेक मीटर पाण्याखाली, तरी तिथे जिवंत प्रवाळ आहेत. आणि मालवणला सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांवरही आहेत.

मीठागर

सगळ्यांचे मनापासून आभार. तर वर्गात मी असं मांडणार आहे. आधी प्रश्न विचारणार: बेट टिकलं असं कधी म्हणायचं? जमीन उरली की, गोडं पाणी उरलं की, माणसं उरली की? मग फोंगाफालेचा १८९६ चा आणि आजचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर. त्या मुलीला तुवालूचे आकडे फळ्यावर लिहायला लावणार आणि त्याखाली दुसऱ्या कुणाला सॉलोमन बेटांचे. 'बुडणार' हे एक वाक्य मात्र मी यापुढे वर्गात म्हणणार नाही आणि 'काळजी नको' हेही नाही.

एकच अडचण: मुलांनी तुवालू पाहिलेलं नाही, पाहणारही नाहीत. काहीतरी डोळ्यांसमोर हवं.

कडमतची_शिंपी

गूगल अर्थवर जुन्या वर्षांची छायाचित्रं सरकवून बघता येतात. आधी देवबाग लावा, वाळूची जीभ दर काही वर्षांनी कशी बदलते ते दिसेल. मग फुनाफुटी. भरती-ओहोटीची वेळ दोन्ही छायाचित्रांत वेगळी असू शकते, म्हणून पाण्याची कड मोजू नका, झाडीची कड मोजा. संशोधकही शक्यतो तीच मोजतात.

देवबागचो_बाबल्या

पोरांका घेवन हयच येवा मगो. ओहोटीची वेळ धरून येवा, वाळयेर चलान सगळा दाखवतय. बंधाऱ्याच्या टोकाकडची वाडी पण दाखवतय. येवच्या आधी फोन करा, जेवणाचा बघतय.

मीठागर

नक्की. दिवाळीनंतर जमवते. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली की व्यक्तिगत निरोप पाठवते.

रोखठोक

माझा मुलगाही नववीत आहे. दुसऱ्या शाळेतला चालेल का?